जुन्या लष्करी ट्रकचा आवाज आणि सायलेन्सर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उघड्या पाइपाचा सहा सिलिंडरचा डिझेल ट्रक तासभर चालवला की उतरल्यावरही बराच वेळ कानात घुंई चालू राहते. ती घुंई म्हणजे कानाला इजा होत असल्याची खूण आहे आणि अशा इजा साठत जातात. जुने लष्करी ट्रक जपणाऱ्यांनी ते वर्षानुवर्षं आनंदाने चालवावेत, म्हणून हा प्रश्न मनावर घेण्यासारखा आहे. सायलेन्सर बसवायचा की नाही, कोणता, कुठे आणि त्याने इंजिनाला त्रास होईल का, या शंका पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

लष्कराने हे ट्रक इतके कर्कश का ठेवले? मुळात सायलेन्सर नव्हताच का?

सगळ्यांना नव्हता असं नाही. दुसऱ्या महायुद्धातला जीएमसी सीसीकेडब्ल्यू हा पेट्रोलवर चालणारा अडीच टनी ट्रक चॅसीखाली सायलेन्सर घेऊनच कारखान्यातून निघाला. तुमचा जुना पेट्रोल ट्रक भयंकर ओरडत असेल, तर आधी वाकून खाली बघा. बहुतेक वेळा सायलेन्सर असतो, पण आतून सडलेला असतो, किंवा आधीच्या मालकाने तो कापून सरळ पाइप जोडलेला असतो. अशा वेळी मूळ मापाचा नवा सायलेन्सर बसवला की काम संपलं. पुढचं फारसं वाचायचीही गरज नाही.

टर्बो, म्हणजे बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूच्या (एक्झॉस्टच्या) जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारं यंत्र, असलेल्या डिझेल ट्रकांची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकी एम३५ मालिका १९५० च्या सुमारास पेट्रोल इंजिनावर सुरू झाली. पुढे एम३५ए२ मध्ये ७.८ लिटरचं, सहा सिलिंडरचं एलडीटी-४६५ हे मल्टिफ्युएल, म्हणजे एकाहून जास्त इंधनांवर चालणारं, इंजिन आलं. त्यात टर्बोतून निघालेला पाइप उजव्या बाजूने केबिनच्या कडेला उभा वर जातो आणि वाटेत सायलेन्सर नसतो. टर्बोची चाकी एक्झॉस्टच्या धक्क्यांतली बरीच ऊर्जा खाते, त्यामुळे उघडा पाइपही टर्बो नसलेल्या इंजिनापेक्षा थोडा सुसह्य वाटतो. पण ‘थोडाच’. पाण्यातून जाता यावं, रानात दुरुस्ती करता यावी, सुटे भाग कमी लागावेत, या गोष्टी अशा ट्रकात शांततेच्या आधी येत होत्या.

मग सरळ सायलेन्सर बसवून टाकू का?

थांबा. आधी आवाज कुठून येतोय ते शोधा. या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल, तर हे वाचा.

जुन्या ट्रकात निदान सहा ठिकाणांहून आवाज येतो: एक्झॉस्टचं तोंड, एक्झॉस्टमधली गळती, इंजिनाची स्वतःची खडखड, पंखा, हवेचा इनटेक, आणि चालताना गिअर व टायर. सायलेन्सर यांतल्या फक्त पहिल्यावर काम करतो. आणि डेसिबलची बेरीज साधी नसते. समजा केबिनजवळ एक्झॉस्टचा आवाज १०० डेसिबल आहे आणि बाकी सगळं मिळून ९२. एकूण भरतं सुमारे १००.६. सायलेन्सरने एक्झॉस्ट १५ डेसिबलने उतरवला, तर एकूण ९२.८ वर येतं. हा फरक कुणालाही लगेच कळेल, कारण १० डेसिबलची घट कानाला साधारण निम्मा आवाज झाल्यासारखी वाटते. आता आणखी महागडा सायलेन्सर लावून एक्झॉस्ट अजून १० ने उतरवा. एकूण होतं ९२.१. म्हणजे खर्च केला, पण कानापर्यंत काहीच पोचलं नाही.

उलटं उदाहरण घ्या. एक्झॉस्ट ९० आणि बाकीचं ९५. एकूण ९६.२. एक्झॉस्टमधून १५ डेसिबल काढून टाकले तरी ९५ उरतातच. अशा ट्रकला सायलेन्सर लावून निराश झालेली माणसं असतात, आणि दोष सायलेन्सरचा नसतो. मॅगिरस-डॉइट्झ ज्युपिटर किंवा टाट्रा ८१३ यांसारख्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनांत पंख्याचाच आवाज इतका असतो, की तिथे हा हिशेब आधी करायलाच हवा.

हा शोध घरच्या घरी कसा घ्यायचा?

ट्रक मोकळ्या जागी उभा करा, भिंतीजवळ नको, कारण परतणारा आवाज फसवतो. इंजिन गरम होऊ द्या. मग कुणाला तरी ठरावीक आरपीएम (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) धरून ठेवायला सांगा आणि तुम्ही एकाच अंतरावरून ट्रकभोवती फिरा: एक्झॉस्टच्या तोंडाच्या बाजूला, समोर रेडिएटरपुढे, विरुद्ध बाजूला. विरुद्ध बाजूलाही जवळपास तितकाच आवाज असेल, तर बॉनेटखाली बघायचं आहे. बॉनेट उघडल्यावर आवाज एकदम वाढला तर तेच. पाइपाच्या तोंडाजवळ जाताना धुरात उभे राहू नका आणि कानात संरक्षण घाला.

चालत्या ट्रकात: रिकाम्या, सपाट, सरळ रस्त्यावर नेहमीच्या वेगात असताना क्षणभर क्लच दाबून अॅक्सिलरेटर सोडा. इंजिन आयडलिंगला येईल, वेग तोच राहील. तरीही ऐकू येणारी किंचाळी ही ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या एक्सलांना ताकद वाटणारी गिअरपेटी), डिफरन्शियल आणि लष्करी नक्षीच्या टायरांची. तिच्यावर सायलेन्सरचा काही इलाज नाही.

गळती कशी ओळखायची?

मॅनिफोल्डच्या (सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र आणणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटमधून गळत असेल तर ‘टक् टक् टक्’ असा आवाज आरपीएमबरोबर वाढत जातो. तो इंजिन थंड असताना सगळ्यात स्पष्ट ऐकू येतो, कारण गरम झाल्यावर लोखंड फुगून फट थोडी मिटते. प्रत्येक जोडाभोवती काजळीचे काळे पट्टे शोधा, ते खोटं बोलत नाहीत. थंड इंजिन सुरू करून जाड हातमोज्यात चिंधी धरून पाइपाचं तोंड क्षणभर अर्धवट दाबलं, की गळणाऱ्या जागेतून फुसफुस ऐकू येते आणि धूर दिसतो.

गळती आधी बंद करा. नुसता आवाज कमी होतो म्हणून नव्हे. केबिनच्या फरशीखालच्या गळतीतून कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो. जुन्या ट्रकच्या फरशीला पेडलांभोवती आणि गिअर लिव्हरभोवती फटी असतातच. पेट्रोल इंजिनाच्या बाबतीत हा धोका डिझेलपेक्षा पुष्कळ मोठा आहे.

एक इशारा इथेच. जुन्या लष्करी गाड्यांच्या एक्झॉस्ट गॅस्केटमध्ये आणि पाइपावरच्या गुंडाळीत अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चाला. ते कोरडं खरवडू नका, वायर ब्रशने घासू नका, हवेने फुंकू नका. पाण्याने चिंब करून, योग्य मास्क घालून काढा आणि बंद पिशवीत ठेवून तुमच्याकडच्या नियमांनुसार विल्हेवाट लावा.

सायलेन्सर आत नेमकं काय करतो?

एक्झॉस्ट व्हॉल्व उघडला की दाबाखालचा गरम वायू धक्क्यासारखा बाहेर येतो. चार स्ट्रोकच्या सहा सिलिंडर इंजिनात एका फेरीत असे तीन धक्के. म्हणजे ७०० आरपीएमवर सेकंदाला ३५, १८०० वर ९०, आणि २६०० वर १३०. हाच एक्झॉस्टचा मूळ स्वर, हर्ट्झमध्ये. त्याच्या पटीतले वरचे स्वरही असतात. डेट्रॉइट डिझेलसारख्या दोन स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दर फेरीला पेटतो, त्यामुळे तेवढ्याच सिलिंडरांत हा आकडा दुप्पट होतो. म्हणून त्यांची ओरड वेगळी, चढ्या सुरातली.

हे जड स्वर पकडणं अवघड असतं. सुमारे ४०० अंश सेल्सिअसच्या वायूत ध्वनी सेकंदाला ५२० मीटरच्या आसपास धावतो. १३० हर्ट्झची लाट त्यात चार मीटर लांब होते, ९० हर्ट्झची जवळजवळ सहा मीटर. एवढ्या लांब लाटेला हातभर लांबीच्या बारीक डब्यात अडवता येत नाही.

सायलेन्सर दोन जातींचे असतात. एकात कप्पे आणि नळ्या असतात. लाट मोठ्या कप्प्यात शिरते, फुगते, भिंतींवरून परत फिरते आणि येणाऱ्या लाटेशी भिडून विरते. जड स्वरांवर हाच चालतो. दुसऱ्यात सरळ छिद्रं पाडलेली नळी आणि तिच्याभोवती काचेचे किंवा बेसाल्टचे तंतू किंवा स्टीलची लोकर भरलेली असते. ती वरचे, कानाला टोचणारे स्वर शोषते, जड घुमारा मात्र जवळपास तसाच बाहेर सोडते. ट्रकांसाठीच्या बऱ्याच सायलेन्सरांत दोन्हींची सांगड असते.

मग कोणता घेऊ? मोटारींचा सरळ नळीवाला स्वस्त मिळतोय.

तो नको. डिझेलच्या काजळीने त्यातले तंतू लवकर बुजतात किंवा झिजून उडून जातात, आणि नवा असतानाही तो तुमच्या ट्रकच्या मुख्य तक्रारीला, म्हणजे त्या छातीत घुमणाऱ्या आवाजाला, हात लावत नाही.

आकारमान बघा. सायलेन्सरच्या पोटात किती लिटर जागा आहे, हा एक आकडा बाकीच्या जाहिरातींपेक्षा जास्त सांगतो. चांगली शांतता हवी असेल तर ती जागा इंजिनाच्या क्षमतेच्या कित्येक पट असावी लागते. १० पट मिळाली तर उत्तमच. २५ सेंटिमीटर व्यासाचा आणि ११० सेंटिमीटर लांबीचा, मोठ्या मालट्रकला असतो तसा सायलेन्सर घ्या. त्यात सुमारे ५४ लिटर जागा होते. ७.८ लिटरच्या इंजिनासाठी ते जवळपास सात पट. हे माप जुन्या अडीच टनी आणि पाच टनी ट्रकांना छान बसतं. मोटारीचा सात-आठ लिटरचा डबा इंजिनाच्या एका पटीतच संपतो.

तेवढ्याच ताकदीच्या व्यापारी ट्रकचा जुना, चांगल्या स्थितीतला सायलेन्सर घ्यायला काहीच हरकत नाही. हलवून बघा, आत खुळखुळ वाजलं तर ठेवून द्या. हातोडीने हलकेच ठोका: ठणठणीत आवाज यावा, भुसभुशीत नको. खालच्या बाजूला अंगठ्याने दाबून बघा, सड तिथूनच सुरू होते.

सायलेन्सर लावला की ओढ कमी होईल, इंजिन तापेल. खरं का?

चुकीचा लावला तर खरं. योग्य लावला तर चालवताना फरक जाणवत नाही.

सायलेन्सर वायूला अडवतो, म्हणजे इंजिनाला तो वायू जोर लावून ढकलावा लागतो. याला बॅक प्रेशर म्हणतात. टर्बो इंजिनात ते टर्बोच्या पुढे साचलं की टर्बोची चाकी मंदावते, हवा कमी येते आणि तेवढंच डिझेल कमी हवेत जळून एक्झॉस्टचं तापमान चढतं. जुन्या मल्टिफ्युएल इंजिनांत पंपातून येणारं इंधन वाढवून ठेवणाऱ्यांनी इथे फार जपावं. एक्झॉस्ट तापमानाचं गेज नसेल तर सायलेन्सर घेण्याआधी ते बसवा. माझं मत विचाराल तर अशा इंजिनावरचं ते सगळ्यात उपयोगी गेज आहे. डेट्रॉइटसारखी दोन स्ट्रोकची इंजिनं बॅक प्रेशरला आणखी नाजूक असतात, कारण जळका वायू बाहेर काढायला त्यांच्याकडे पिस्टनचा वेगळा स्ट्रोकच नसतो. ते काम ब्लोअरच्या हवेवर चालतं.

मर्यादा इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेली असते. पुष्कळ ट्रक डिझेलांना पूर्ण भारावर १० किलोपास्कलच्या आसपास कमाल सांगितलेली असते. मी त्याच्या निम्म्यावर राहण्याच्या बाजूचा आहे.

बॅक प्रेशर मोजायचं कसं? त्यासाठी महागडं उपकरण लागतं का?

लागत नाही. पारदर्शक नळी आणि पाणी पुरतं.

टर्बोनंतरच्या पाइपात, सायलेन्सरच्या बराच आधी आणि वळणापासून लांब, एक छोटा नट वेल्ड करून घ्या. त्यात तांब्याची बारीक नळी बसवा. हातभर लांब तरी ठेवा, म्हणजे वायू थंड होईल. पुढे पारदर्शक नळी जोडा आणि ती उभ्या फळीवर इंग्रजी ‘यू’च्या आकारात बांधा. दोन्ही भुजा दीड मीटर उंच ठेवून अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरा. दाब आला की एका भुजेतलं पाणी खाली जाईल, दुसऱ्यातलं वर. दोन पातळ्यांमधला फरक मोजा. १०२ सेंटिमीटर म्हणजे १० किलोपास्कल. ५० च्या आत राहिलात तर निश्चिंत.

मोजणी भाराखाली करा. उभ्या ट्रकात नुसतं रेस करून मिळालेला आकडा फसवा असतो, कारण टर्बो नीट भरतच नाही आणि वायूचा प्रवाह कमी राहतो. लांब चढावर, वरच्या गिअरात, पूर्ण अॅक्सिलरेटरवर जो आकडा येईल तो खरा. शेजारी बसलेल्याने वाचावा, चालकाने नव्हे. सायलेन्सर बसवण्याआधी एकदा आणि नंतर एकदा अशी मोजणी केली की तर्कवितर्क उरत नाहीत. काम झाल्यावर नटात बोल्ट घट्ट करून टाका.

पाइप किती इंचाचा?

एम३५ए२ सारख्या इंजिनाचा ढोबळ हिशेब मांडू. २६०० आरपीएमवर ७.८ लिटरचं इंजिन मिनिटाला सुमारे १० घनमीटर हवा खाऊ शकतं. टर्बोने त्यात भर पडते आणि गरम झाल्यावर तोच वायू दुपटीहून जास्त फुगतो. म्हणजे पाइपातून सेकंदाला अर्ध्या घनमीटरच्या आसपास वायू जातो. तीन इंची पाइपात त्याचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या वर जातो, चार इंचीत ६० ते ६५. अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. तीनवरून चार इंचांवर गेलात की तो जवळपास तिसऱ्या हिश्शावर येतो.

म्हणून या मापाच्या इंजिनाला चार इंच बरोबर. पाच इंच घातला तर आवाज जास्त पोकळ होतो, जागा अडते आणि पदरात काही पडत नाही. वळणं मोठ्या गोलाईची घ्या. कापून जोडलेली काटकोनी वळणं आणि चेपलेली वळणं वायूला अडवतात आणि तिथे नवी शिट्टीही तयार करतात.

सायलेन्सर उभा लावू की चॅसीखाली?

दोन्ही चालतं. प्रश्न उष्णतेचा, वजनाचा आणि पाण्याचा आहे.

केबिनमागे उभा लावला तर पाणी साचत नाही, खाली दगड लागत नाहीत, दुरुस्ती सोपी. पण मोठा सायलेन्सर जड असतो. तो चॅसीला बांधलेल्या मजबूत कंसावर उभा राहिला पाहिजे, पाइपावर नव्हे. केबिन किंवा मागच्या बॉडीला बांधू नका. चॅसी पिळते तेव्हा या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या हलतात. लष्करी सहाचाकी चॅसी तर रानात पिळण्यासाठीच बनलेली असते. बांधला तर पाइप तडकतो किंवा टर्बोचा फ्लँज (बोल्टने आवळायचा जोड) सुटतो. टर्बोवर वजन अजिबात येता कामा नये.

चॅसीखाली लावला तर ट्रकचं मूळ रूप टिकतं आणि बाहेरून काही दिसत नाही. जागा शोधताना ब्रेकचे होज, इंधनाच्या नळ्या, वायरिंग, टाकी आणि लाकडी फळ्या यांच्यापासून अंतर ठेवा. ते जमत नसेल तर मध्ये पत्र्याची ढाल लावा, पत्रा आणि पाइप यांच्यात हवा खेळेल इतकी फट ठेवून. एक्सल पूर्ण वर आला, प्रॉपेलर शाफ्ट पूर्ण कलला, तरी काही घासत नाही ना, हे जॅक लावून तपासा. नुसतं उभ्या ट्रकखाली बघून ठरवू नका.

पाइप लांबतो, हे बरेच जण विसरतात. तीन मीटरचा साधा स्टीलचा पाइप ३५० अंशांनी तापला की सुमारे सव्वा सेंटिमीटर लांब होतो, स्टेनलेस ३०४ असेल तर पावणेदोन सेंटिमीटरपर्यंत. टर्बोनंतर लवचीक जाळीचा तुकडा टाका, एक टोक पक्कं बांधा आणि बाकीचे आधार रबर बुश किंवा स्प्रिंगवर ठेवा, म्हणजे तो सरकू शकेल.

धुराचं तोंड कुठे वळवू?

माणसांपासून लांब. वरचे स्वर तोंडाच्या रोखाने सरळ जातात. तोंड खिडकीकडून बाहेर आणि मागे वळवलं, की केबिनमधला टोचणारा भाग उतरतो, अगदी सायलेन्सर न लावतासुद्धा. जड स्वर मात्र सगळीकडे सारखेच पसरतात. उघड्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. म्हणून पाइपाचं तोंड चालकाच्या कानापासून एका मीटरवरून दोन मीटरवर नेणं हा फुकटात मिळालेला फायदा आहे. बॉडीखाली तोंड संपवू नका. धूर फिरून ताडपत्रीखाली येतो आणि मागे बसलेल्यांना लागतो.

सायलेन्सर लावला, पण ठरावीक वेगाला केबिन घुमते. आधी असं नव्हतं.

हे होतं. आधी सगळाच गोंगाट होता, आता एक स्वर उघडा पडला. त्या आरपीएमचा मूळ स्वर शेपटीच्या पाइपाच्या लांबीशी किंवा केबिनच्या पत्र्यांशी जुळतोय. आधी बघा, पाइप किंवा कंस कुठे चॅसीला, केबिनला टेकलाय का. निम्म्या वेळा कारण तेवढंच असतं.

तसं नसेल तर शेपटीची लांबी हातभर कमी-जास्त करून बघा. तरीही राहिलं तर मुख्य पाइपाला बाजूने एक बंद तोंडाची नळी जोडतात. लाट तिच्यात जाऊन टोकावरून परत येते तेव्हा नेमकी उलट्या पावलावर असते आणि तो एक स्वर खाऊन टाकते. लांबी लाटेच्या चौथ्या हिश्शाची. १८०० आरपीएमला घुमत असेल तर स्वर ९० हर्ट्झ, आणि नळीतला वायू मुख्य प्रवाहापेक्षा थंड असल्यामुळे लांबी सव्वा ते दीड मीटरच्या दरम्यान येते. टोकाला सरकवता येणारं झाकण ठेवा आणि चालवून ठरवा, मग वेल्ड करा. ही नळी प्रवाह अडवत नाही, त्यामुळे बॅक प्रेशर वाढत नाही. मला हा उपाय फार आवडतो. मात्र तो त्या एका आरपीएमपुरताच आहे.

वरच्या पाइपाचं पावसाचं झाकण आयडलिंगला टपटप वाजतं.

तो एक्झॉस्टचा आवाज नाही, लोखंडावर लोखंड आपटतंय. बिजागरीची पिन झिजली असेल तर बदला, नाहीतर वळवलेलं तोंड बसवून झाकण काढून टाका. सायलेन्सर आल्यावर धक्के सौम्य होतात आणि टपटपही बरीच उतरते.

टर्बोची शिट्टी आणि इंजिनाची खडखड जाईल का?

शिट्टी एक्झॉस्टकडून येत असेल तर बरीच जाईल, कारण उंच स्वर सायलेन्सर सहज पकडतो. इनटेककडून येत असेल तर एअर क्लीनर आणि त्याचे होज तपासा. एम३५ए२ वाल्यांपैकी काहींना ती शिट्टीच हवी असते. त्यांनी हे आधी लक्षात घ्यावं, नंतर हळहळ नको.

खडखड जाणार नाही. ती इंधन पेटण्याची आहे आणि इंजिनाच्या अंगातून बाहेर येते. मल्टिफ्युएल इंजिनात डिझेलमध्ये पेट्रोल मिसळलं की ती वाढते, कारण असं मिश्रण उशिरा आणि एकदम पेटतं. साध्या डिझेलवर चालवा, फरक ऐकू येईल.

पाइपाला उष्णतेची पट्टी गुंडाळल्याने आवाज कमी होतो का?

नाममात्र. तिचा उपयोग उष्णतेसाठी आहे. पट्टीखाली ओल धरते आणि साधा स्टीलचा पाइप लवकर गंजतो. जिथे हात लागण्याची किंवा होज वितळण्याची भीती आहे तेवढ्याच तुकड्यावर गुंडाळा.

सायलेन्सर लवकर सडू नये म्हणून?

एक लिटर डिझेल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. थंड सायलेन्सरमध्ये ती वाफ पाणी होऊन खाली साचते आणि इंधनातल्या गंधकामुळे ते पाणी आम्लधर्मी होतं. शोभेचे ट्रक याच कारणाने लवकर सडतात: महिन्यातून एकदा सुरू करायचे, दहा मिनिटं आयडलिंगला ठेवायचे आणि बंद करायचे. असं करण्यापेक्षा न सुरू केलेलं बरं. सुरू केलात तर सायलेन्सर पूर्ण तापेपर्यंत चालवा. आडव्या सायलेन्सरच्या सगळ्यात खालच्या बिंदूला तीन-चार मिलिमीटरचं छिद्र पाडा. त्याने आवाजात फरक पडत नाही.

अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेलं स्टील साध्या स्टीलपेक्षा बरंच टिकतं. जस्ताचा मुलामा दिलेला, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड, पाइप वापरू नका. वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो आणि वेल्डरला थंडीताप भरतो.

खोल पाण्यातून नेण्यावर बंधन येतं का?

तोंड वर असेल आणि इंजिन चालू असेल तर आडवा सायलेन्सर पाण्याखाली गेला तरी वायू पाणी बाहेर ठेवतो, जोड घट्ट असतील तर. इंजिन बंद पडलं तर मात्र छिद्रातून आणि फटीतून पाणी शिरतं. शिवाय तापलेला पत्रा थंड पाण्यात गेला की वेल्डजवळ तडकू शकतो. ज्यांना खरोखर पाण्यात जायचंय त्यांनी उभाच लावावा.

ट्रक ऐतिहासिक आहे. मूळ रूप बिघडेल याचं वाईट वाटतं.

वाटायलाच हवं. म्हणून काहीही कापू नका. मूळ पाइप जोडातून उतरवून, तेल लावून, नाव लिहून ठेवा. नवा संच फ्लँज आणि क्लॅम्पवर बांधा आणि कंस चॅसीच्या आधीच असलेल्या भोकांत बसवा. लष्करी चॅसीला अशी भोकं पुष्कळ असतात. प्रदर्शनाच्या दिवशी मूळ पाइप परत चढवता येतो.

फरक पडला हे मोजायचं कसं? नियम काय म्हणतात?

मर्यादा देशागणिक आणि गाडीच्या वयागणिक बदलतात. नोंदणीच्या कागदांवर आणि स्थानिक नियमांत बघा. उभ्या गाडीचा एक्झॉस्ट मोजण्याची पद्धत मात्र आयएसओ ५१३० या मानकात ठरलेली आहे: माइक पाइपाच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, प्रवाहाच्या दिशेशी ४५ अंशात, तोंडाच्याच उंचीवर. तुम्हीही तसंच मोजा. फोनवरच्या अॅपचा आकडा अचूक नसतो आणि मोठ्या आवाजाला फोनचा माइक दबतो. तरी तोच फोन, तीच जागा, तोच आरपीएम ठेवला तर आधी-नंतरची तुलना कामाची ठरते. अर्धा मीटरऐवजी सात-आठ मीटरवरून मोजलं तर फोनला झेपतं.

एवढं करूनही केबिनमध्ये ओरडूनच बोलावं लागतं.

मग आता फरशी आणि फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधली पत्र्याची भिंत. पेडल, केबल आणि लिव्हर यांच्या भोवतीच्या फटी रबराने बंद करा. छोट्या फटीतूनही आश्चर्य वाटेल इतका आवाज येतो. त्यानंतरच फरशीवर जड रबराचा थर घाला. नुसता फोम चिकटवून जड आवाज थांबत नाही, त्याला वजन लागतं. एक्झॉस्टजवळ न पेटणारंच साहित्य वापरा.

आणि कानात संरक्षण घालाच. कामगारांच्या कानांसाठी अमेरिकेच्या नायोश या संस्थेने दिलेलं प्रमाण ८५ डेसिबलला दिवसाला आठ तास असं आहे. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. सायलेन्सर लावून १०० वरून ९३ वर आलेला ट्रक पंधरा मिनिटांवरून तासाच्या थोडा पुढे गेला, एवढंच. शेजारी मुलं बसत असतील तर त्यांच्या मापाचे मफ आधी घ्या, सायलेन्सर नंतर.

बसवून झाल्यावर लगेच काय बघायचं?

पहिल्यांदा पूर्ण गरम करून थंड झाल्यावर सगळे क्लॅम्प आणि फ्लँजचे बोल्ट पुन्हा आवळा, गॅस्केट बसतं आणि ते सैल होतात. पहिल्या लांब फेरीनंतर पुन्हा एकदा. नवा रंग आणि तेल जळून थोडा धूर येईल, तो मोकळ्या हवेतच जाळून घ्या. टेकणाऱ्या जागा चकाकीवरून ओळखा. केबिनमध्ये बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ठेवून खिडक्या बंद करून एक फेरी मारा. तो वाजला तर ट्रक थांबवा, खिडक्या उघडा आणि गळती सापडेपर्यंत चालवू नका.